डाव्या चाकामागचा नट

बातमी मला कुणी फोन करून कळवली नाही. मी दाराला कुलूप लावून, पर्स काखोटीला मारून जिना उतरत होते आणि खाली आमची पांढरी गाडी फाटकात अर्धी आत, अर्धी बाहेर उभी होती. इंजिन बंद. मधुकरराव स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसलेले. मला वाटलं, खालचा कसला तरी आवाज ऐकतायत. ती त्यांची जुनी खोड. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात निघालेला माणूस फाटकात गाडी थांबवून आवाज ऐकत बसतो, याचा मला भयंकर राग आला. मी जिन्यातूनच ओरडले, "अहो, आता काय ऐकताय? चला की!"...

त्याला दीड महिना होऊन गेला. भेटायला येणारा प्रत्येक जण जिना चढण्याआधी पार्किंगमधल्या गाडीकडे बघतो आणि वर आला की म्हणतो, "काय ठेवली आहे हो गाडी! मधुकररावांचा फार जीव होता तिच्यावर." होता. मी कुठे नाही म्हणते? मी उठते आणि चहा ठेवते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांचे संसार माझ्यासारखे निम्मे गाडीखाली झालेले नाहीत.

गाडी घरी आली तेव्हा आमचा समीर सहावीत होता. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याने नवी गाडी घेतली आणि ही जुनी विकायला काढली, ती आम्ही घेतली. डिकीतून कितीतरी दिवस पेट्यांतल्या कागदाची कात्रणं निघत होती. मधुकरराव सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची हीच नोकरी, आणि ती ते रविवारीही इमानेइतबारे करत. पहिल्याच वर्षी कुठल्याशा गॅरेजात पुढच्या चाकांचं काम करून घेतलं आणि मुंबईला जाताना कसाऱ्याच्या घाटात खालून खाडखाड सुरू झाली. गाडी कडेला घेऊन पाहिलं, तर एक नट नुसत्या बोटांनी फिरत होता. त्या घाटात उभं राहून, अंगावरून ट्रक जात असताना, त्यांनी जाहीर केलं, की यापुढे या गाडीला परका हात लागणार नाही. मला तेव्हा अभिमानच वाटला होता. घरच्या हातांत माझाही हात मोजला जातो, हे कळायला थोडा वेळ लागला.

ज्यांच्या घरी कुणी गाडीखाली झोपत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पुढचं चाक गाडीच्या सांगाड्याला एका लोखंडी दांड्याने जोडलेलं असतं. त्या दांड्याच्या मुळाशी रबराचं बुश, बुशातून आरपार जाणारा लांब बोल्ट आणि बोल्टच्या टोकाला नट. रस्त्याचे सगळे धक्के त्या रबराने खायचे. उजव्या बाजूचा नट समोर दिसतो. डाव्या बाजूचा मात्र आडव्या तुळईच्या आत अशा कोनाड्यात आहे, की तो नुसता बोटांना लागतो. बघायचाच तर टॉर्च लावून दाढीच्या आरशात बघावा लागतो. त्यात तो आवळण्याचा नियम असा, की चाक अधांतरी असताना शेवटचा पीळ द्यायचा नाही. गाडी जॅकवरून उतरवायची, तिचं सगळं वजन चाकांवर येऊ द्यायचं, आणि मग आवळायचं. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकून बसतं आणि लवकरच फाटतं. गॅरेजवाल्याकडे खड्डा असतो, त्याला हे सोपं. घरी गाडी खाली उतरली की माणसाला शिरायला जागाच उरत नाही. म्हणून हे चारही चाकांखाली जाड फळ्या घालायचे आणि तेवढ्या फटीत जुन्या सतरंजीवर पाठीने सरकत जायचे. बोल्टचं डोकं त्यांना सापडायचं. नट काही सापडायचा नाही. पंजा त्या कोनाड्याच्या तोंडाशीच अडकायचा.

एका रविवारी मी चहा घेऊन खाली गेले, तर गाडीखालून आवाज आला, "शैला, हात दे." मला वाटलं, यांना ओढून बाहेर काढायचंय. मी वाकून हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि चाकावरच्या पोकळीतून सरळ आत नेला. बोटांना गार, ओशट लोखंड लागलं. "जातोय! अगं, बरोबर जातोय!" खालून आरोळी आली. लग्नाला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. माझ्या हाताचं इतकं कौतुक त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

मग तो पायंडाच पडला. ते खालून बोल्टच्या डोक्याला पाना आणि पान्याला पाईप लावून जोर करायचे. मी चाकाशेजारी उकिडवी बसून, गाल मडगार्डला टेकवून, आतला नट पान्यात धरून ठेवायची. दिसत काही नसे. "धर... सोडू नको... सुटला का? मग सांगत का नाहीस?" एवढंच संभाषण. त्यांचा पाना जेमतेम बोटभर फिरायला जागा. फिरवायचा, काढायचा, चाचपडत पुन्हा बसवायचा. काम झालं की नटावरून बोल्टवर जाणारी एक लाल रेघ मारायची, माझ्याच नेलपॉलिशची. पुढच्या वेळी आरशात रेघ सलग दिसली, तर नट हललेला नाही. माझ्या नखांना दिवाळीत आणि लग्नकार्यात लागणारं ते नेलपॉलिश नटाला दर महिन्याला लागत होतं. एका वाढदिवसाला त्यांनी मला कागदात गुंडाळलेली एक वस्तू दिली. जड होती. उघडली, तर पाना. कारखान्यातल्या कुणाकडून तो मधोमध कापून, वाकवून, पुन्हा जोडून घेतलेला. खास माझ्या हाताच्या मापाचा. तळव्याला लोखंड रुतू नये म्हणून मुठीला कापडी पट्टी गुंडाळलेली. शेजारणींनी विचारलं, काय मिळालं वाढदिवसाला? मी साडी म्हणून सांगितलं. खरं सांगते, ती पट्टी त्यांनी स्वतः, एकेक वेढा ओढून गुंडाळलेली बघून मला त्या दिवशी भरून आलं होतं. तेही लिहायला हवं.

बांगड्यांचा प्रश्न होता. काचेच्या बांगड्या घालून त्या कोनाड्यात हात जात नाही. दोनदा वाढल्या, एकदा काच मनगटात शिरली. हे म्हणाले, "काढून ठेवत जा." सासूबाई वरच्या गॅलरीतून बघत होत्या. त्या कडाडल्या, "सवाष्णीनं हात मोकळे करून नवऱ्याच्या गाडीत हात घालायचा? काही शुभ-अशुभ आहे की नाही?" "आई, गाडीला शुभ-अशुभ कळत नाही, ढिलं-घट्ट कळतं," हे खालून. सासूबाईंपुढे मी बोलत नसे. मी मधला मार्ग काढला. त्या बघत असल्या, की बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर जुन्या साडीचा काठ बांधायचा. त्या नसल्या, की काढून बॉनेटवर ठेवायच्या.

माझं माहेर निफाडजवळचं. उसाच्या दिवसांत ट्रॉल्यांनी त्या रस्त्याची चाळण झालेली असायची. माहेराहून परतलं, की रात्रीच्या जेवणाला हे हमखास म्हणणार, "तुझ्या माहेरच्या रस्त्यानं नट हलवलाय." म्हणजे पुढचा रविवार माझा गेला. बाकीच्या बायका माहेराहून येताना कुरडया-पापड आणतात. मी रेघ तुटलेला नट घेऊन यायची. आई म्हणायची, "राहा की गं अजून दोन दिवस." आणि ओसरीवरून हे आकाशाकडे बघत म्हणायचे, "अंधाराच्या आत तो रस्ता ओलांडायला हवा." मी निघायची. स्वतःची स्वतः येऊ-जाऊ शकले असते, तर राहिले असते.

ही गोष्ट मी त्यांना बोलून दाखवली नाही असं नाही. "मला चालवायला शिकवा," असं मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ते हसले. दुसऱ्यांदा मी विचारलं, तर म्हणाले, "तुला कुठे जायचंय? सांग, मी सोडतो." समीर अठरा वर्षांचा झाला तेव्हा मात्र त्याला न मागता, त्याच आठवड्यात शिकवलं. पोराने पहिल्या दिवशी फाटकाच्या खांबाला घासली, तर म्हणाले, "होतं सुरुवातीला." समीरचा पंजा बापासारखा रुंद. नटापर्यंत जात नव्हता. त्यामुळे त्याच्या हाती स्टिअरिंग आलं आणि माझ्या हाती पाना राहिला. बारीक हाताची ही बक्षिशी.

त्या पावसाळ्यानंतर मी संप केला. रविवारी खालून हाक आली, "शैला, हात दे." मी गॅलरीतून म्हणाले, "आधी चालवायला शिकवा, मग हात." मग त्यांनी एकेक प्रयोग सुरू केले. पान्याला काठी बांधून पाहिली. नटामागे स्क्रू-ड्रायव्हर अडकवून पाहिला. आमचा वॉचमन लहानू, पेठकडचा सडपातळ माणूस, त्याला बोलावलं; त्याने मनगट सोलून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, ह्या बिळात वैनींचाच हात जायचा, आमचं काम नाय." गाडी प्रत्येक गतिरोधकावर कट्... कट् करायला लागली, आणि हे ताटावर बसून तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प. मी पण हटले नाही. शेवटी सासूबाईंना वणीच्या गडावर न्यायचं ठरलं. तेवढा घाट, म्हातारं माणूस, आणि खाली ढिला नट... मी पायऱ्या उतरले. पण हात आत घालण्याआधी म्हणाले, "पुढच्या रविवारी मी चालवणार. देवीची शपथ घ्या." घेतली.

शपथ पाळली, म्हणजे शब्दशः पाळली. पुढच्या रविवारी सकाळी देवळाली कॅम्पात नेलं. तिथले रस्ते रुंद, दोन्ही बाजूंनी झाडं, रहदारी नाही. मी बसले. पहिला गिअर, दुसरा गिअर... गाडी चालली! मला अजून ते आठवतं. झाडं माझ्यामुळे मागे जात होती. शेजारी हे पायांशी नसलेला ब्रेक दाबत, दाराच्या मुठीला लटकून बसलेले. समोरून लष्कराचा एक ट्रक आला. माझ्याकडे भरपूर जागा होती, मी डावीकडे होते, मला तो दिसलाही होता. यांनी हँडब्रेक खेचला. गाडी गचके खाऊन बंद पडली. ट्रकमधल्या जवानाने हसून हात हलवला आणि निघून गेला. "पुरे," हे म्हणाले. "क्लचप्लेट जाईल." माझं शिक्षण तिथे संपलं.

लोक विचारतात, मग क्लास का नाही लावलास? लावला होता. शिकाऊ परवानाही काढला. त्यांनी तो पाहिला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "शीक. हौस आहे तर शीक. पण या गाडीची किल्ली मिळायची नाही. तिला दुसऱ्या हाताची सवय नाही." दुसरा हात! तिच्या पोटात कोपरापर्यंत जाणारा हात कुणाचा होता? मी हे विचारलं. ते म्हणाले, "ते वेगळं." काय वेगळं, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. परवान्याची मुदत संपली. मी तो धान्याच्या डब्यांमागे टाकला आणि त्यानंतर विषय काढला नाही. हात मात्र देत राहिले. ढिल्या नटावर माझीच माणसं बसणार होती, म्हणून.

त्या दिवशी मंगळवार होता, भर दुपार. ते निवृत्त झालेले, समीर बंगळुरूला, सासूबाई कधीच्या गेलेल्या. जेवण झाल्यावर ते म्हणाले, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतंय. चेहरा राखेसारखा. मी म्हणाले, "लहानूला रिक्षा आणायला सांगते." त्यावर त्यांनी काय म्हणावं? "रिक्षाचे शॉक-अप पाहिलेत का? हाडं खिळखिळी करतात. आपली गाडी असताना रिक्षा कशाला? मी नेतो." मी भांडले. छातीवर हात ठेवून त्यांनी चपला घातल्या आणि खुंटीवरची किल्ली घेऊन जिना उतरले. कुलूप लावून मी खाली येईपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं.

दार उघडून मी त्यांना हलवलं. श्वास चालू होता, घरघर करत. हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता. आमच्या फाटकात तसूभर उतार नाही. तरीही शुद्ध हरपण्याआधी या माणसाने गाडी घरंगळू नये म्हणून हँडब्रेक ओढला होता. तेवढी ताकद त्या हातात होती. तेवढ्यात हॉर्न वाजवता आला असता, मला हाक मारता आली असती... दुपारच्या वेळी इमारतीत आम्ही बायका आणि दोन म्हातारे. पुरुषमाणसं कामावर. गाडी चालवता येईल असं एकही माणूस नाही. गाडी अशी, की चाकापासून टपापर्यंत सगळं ठाकठीक, टाकीत पेट्रोल, किल्ली लावलेली, समोर रस्ता मोकळा. आणि मी तिच्याशेजारी उभी, "लहानू, रिक्षा!" म्हणून किंचाळत. लहानू चौकाकडे पळाला. रिक्षा आली तेव्हा चौघी बायकांनी त्यांना उचलून नेलं. खड्डे यांनी सांगितले होते तसेच लागले. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. तो म्हणाला, "काकू, जरा आधी आणायला हवं होतं." डॉक्टर सगळ्यांनाच असं म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या बाबतीत ते खरं होतं.

दहाव्याला यांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, मला आतल्या खोलीत बसवलं. दोन-तीन म्हाताऱ्या होत्या. अक्का डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "शैला, बांगड्या उतरवायच्या गं आता. तुझ्याच्यानं व्हायचं नाही, मी करते." मी हात मागे घेतला. म्हटलं, "राहू द्या अक्का. मला सवय आहे. यांनीच लावलीय." मी एकेक बांगडी काढली, न फोडता, जशी बॉनेटवर ठेवायची तशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. रडू मला तेव्हा आलं नाही. ते दुसऱ्या दिवशी गॅसच्या नळीचा नट जरा ढिला वाटला आणि मी सवयीने "अहो" म्हणाले, तेव्हा आलं.

समीर परत जाताना म्हणाला, "आई, गाडी विकून टाकू. तुला काय उपयोग तिचा?" बापाचाच मुलगा. मी म्हटलं, बघू. मग पुन्हा क्लास लावला. रोज सकाळी एक बाई शिकवायला येतात. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी खराच ब्रेक असतो, त्या तो क्वचितच दाबतात. आठव्या दिवशी मी गंगापूर रोडवरून चौथ्या गिअरमध्ये आले. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून लहानूला सांगितलं. तो म्हणाला, "लय ब्येस केलं वैनी. आदीच कराया पाह्यजे व्हतं." त्याच्या मनात काही नव्हतं. पण मी जिना चढून वर आले आणि बराच वेळ चपलाच काढल्या नाहीत.

गेल्या रविवारी मी खाली उतरले. पार्किंगच्या भिंतीवर खिळ्याला त्यांचे पाने मापाप्रमाणे टांगलेले आहेत. शेवटचा माझा, वाकडा, कापडी पट्टीचा. पट्टी आता काळी पडलीय. मी चाकाशेजारी बसले आणि टॉर्च लावून दाढीचा आरसा आत धरला. लाल रेघ सलग होती. हात आत घातला. अडवायला बांगडी नव्हती, सरळ गेला. पाना लावून पाहिला, नट तसूभर हलला नाही. मग मी किल्ली घेऊन पुढे बसले. लहानूने बॅटरी चार्ज करून आणली होती. गाडी दुसऱ्या खेपेला सुरू झाली. मी तिला हळूहळू फाटकापर्यंत नेलं. तिथे गटारावर लोखंडी जाळी आहे. गाडीत काही ढिलं असलं तर जाळीवर कळतंच. पुढची चाकं जाळीवरून गेली. गाडी थांबवली, बरोबर जिथे त्यांनी थांबवली होती तिथे, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"ढकलू का वैनी?" लहानू धावत आला. त्याला वाटलं, बंद पडली.

"नको रे, चालू आहे," मी म्हटलं. रविवारच्या सकाळचा रस्ता समोर मोकळा पडला होता. मी मान खाली घालून, त्यांच्यासारखी, कान दिला. कट् नाही, खाडखाड नाही, काही नाही... अहो, ऐकताय ना? कसलाही आवाज नाही. मी नेलं असतं तुम्हाला.